पापणीआडचा रंग

शेळीचा डोळा नीट बघायचा तर आधी तिची मान काखेत धरावी लागते. मग एका अंगठ्याने वरची पापणी बुबुळावर झाकून हलकेच दाबायची आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची. क्षणभर आतलं ओलं अस्तर बाहेर येतं, तेवढ्यात रंग टिपायचा. जास्त वेळ धरलं तर अस्तर चोळवटून लाल होतं आणि आजारी शेळीही धडधाकट वाटते. सावलीत बघून चालत नाही, ऊन लागतं. श्रावणात जळगावजवळच्या असोद्यात ऊन म्हणजे ढगांची मर्जी. ढग सरेपर्यंत पशुवैद्यक डॉक्टर शेळीला तशीच धरून उभे, आणि त्यांच्या मागे वही घेऊन मी.

त्यांच्या खिशात एक कार्ड होतं. त्यावर पाच रंग, लालभडकपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत. हे कार्ड दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मालान नावाच्या पशुवैद्यकाच्या नावावरून ‘फमाचा’ म्हणून ओळखलं जातं. मूळ मेंढ्यांसाठी केलेलं, आता शेळ्यांनाही वापरतात. पहिला-दुसरा रंग असेल तर सोडून द्यायचं, चौथा-पाचवा असेल तर औषध. तिसऱ्याला करडू आहे का, गाभण आहे का, हे बघून ठरवायचं.

एवढा खटाटोप एका जंतासाठी. हिमोंकस त्याचं नाव. शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात तो राहतो. मादी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. तिचं रक्ताने भरलेलं आतडं आणि त्याला वेढे घालणाऱ्या पांढऱ्या अंडनलिका यांमुळे ती तांबड्या-पांढऱ्या दोऱ्याच्या गोफासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत असले की रोजचे ५० मिलिलिटर गेले, आणि पंचवीस किलोच्या शेळीत रक्त असून असून किती असणार! पुढे जबड्याखाली पाणी उतरतं, मग एक दिवस ती उठत नाही. तोवर मादी रोज पाच-दहा हजार अंडी लेंड्यांतून बाहेर टाकतच असते.

शेळ्या अकरा होत्या, मालकीण सत्तरीच्या पुढची. चौथ्या-पाचव्या रंगाच्या निघाल्या चार. डॉक्टरांनी चौघींच्याच कानाला खूण केली तशी आजी वैतागल्या.

“अकराही जनींले पाजून दे ना भाऊ. बाटली तं आनलीच हाये.”

“चौघींनाच, आजी.”

“मंग बाकीच्यायनं काय पाप केलं?”

पाप नाही, उलट त्या सात जणी उपकारच करत होत्या. कळपात सगळ्यांना औषध दिलं की मरणारे जंत मरतात आणि उरतात ते औषध पचवणारे. पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. सात शेळ्यांच्या पोटात औषधाने मरू शकणारे साधे जंत राहू दिले, तर त्यांची अंडी रानात मिसळत राहतात आणि चिवटांचं पीक एकदम माजत नाही. म्हणजे जंत राखून ठेवायचे, औषध टिकावं म्हणून. हे आजींना पटवणं मला अवघड वाटत होतं. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, “औषध मुरलं की संपलं, दुसरं कुठून आणू?” आजींनी पदराला हात पुसले आणि बाटली डॉक्टरांच्या हातात दिली.

शेळीला मेंढीचा डोस पुरत नाही, हेही तिथेच कळलं. शेळीचं यकृत हे औषध लवकर मोडून टाकतं. बाटलीवरचं मेंढीचं माप बघून पाजलं की डोस अर्धवट पडतो, आणि अर्धवट डोस म्हणजे जंतांची तालीमच.

बाटलीत अल्बेंडाझोल होतं. त्याच आठवड्यात मी शाळेत तेच औषध वाटताना पाहिलं होतं, ४०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. आपल्याकडे वर्षातून दोनदा गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. बाई प्रत्येक पोराला गोळी चघळायला लावत होत्या, मग “जीभ दाखव”. कुणाच्याच डोळ्याची पापणी कुणी उलटली नाही, आणि ते बरोबरच आहे. तपासणीपेक्षा गोळी कितीतरी स्वस्त, गोळीचा त्रास किरकोळ, आणि पोटात जंत असलेलं पोर वर्गात कोमेजून बसतं. तरीही ती रांग बघून आलेल्या मला गोठ्यातलं “चौघींनाच” जरा टोचलं. एकच रेणू, एका दारात सगळ्यांना, दुसऱ्या दारात वेचून. मुलांचे जंत शेळ्यांच्या जंतांइतक्या लवकर निबर होताना दिसलेले नाहीत. पण कायमचे होणार नाहीत, असं लिहून कुणी दिलेलं नाही.

शेळीचा हिमोंकस पोराला लागत नाही, पोराचा गोल जंत शेळीचा नव्हे. वाटा मात्र एकच: विष्ठा, ओली माती, आणि तोंड. हिमोंकसची अळी लेंडीतून बाहेर पडून ओल्या गवताच्या पात्यावर चढते. “दव सुकल्याबिगर मी बकऱ्या सोडतच नाही,” आजी म्हणाल्या. हे त्यांना कुठल्या कार्डाने शिकवलं नव्हतं. शेळी मुळात झुडुपं ओरबाडणारं जनावर. बाभूळ, बोर, हिवर खाते तेव्हा तिचं तोंड अळ्यांच्या वर असतं. बांध साफ झाले, झुडुपं गेली की तीच शेळी मान खाली घालून गवत खाते.

गोठ्यामागे उकिरडा आणि पलीकडे भरिताच्या वांग्यांचं शेत. जळगावच्या या हिरव्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कवयित्री बहिणाबाईंचं माहेर म्हणून जितकं, तितकंच असोद्याचं नाव या वांग्यांमुळेही लोकांच्या तोंडी आहे. मी वांगी बघायला थांबलो, तर शेतमालकाने एक पिवळं पडलेलं रोप उपटून दिलं. मुळांना मण्यांसारख्या गाठी. भुईमुगाच्या गाठी बोटाने खुडता येतात, या मुळातच फुगलेल्या होत्या. हेही जंतच, सूत्रकृमी. मुळाच्या आत मादी नासपतीच्या आकाराची होऊन बसते आणि शेकडो अंडी घालते. त्याने ओळींमध्ये झेंडू लावला होता. दसऱ्याला पैसे होतातच, शिवाय झेंडूच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना मारतं.

शेताला खत याच गोठ्यातलं. लेंडीखत नीट कुजवलं, ढीग आतून तापला की अंडी मरतात. कच्चं टाकलं तर नाही. आणि उघड्यावर बसायची सवय असेल तिथे माणसाच्या गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. भरिताला धोका नाही, वांगं काड्यांच्या जाळावर पार भाजलं जातं. धोका सोबतच्या कच्च्या कांद्याच्या पातीला.

चहा होईपर्यंत आजींनी त्यांच्या आईची गोष्ट काढली. “माह्या मायच्या पायाले नारू झालता.” पायऱ्यांच्या विहिरीत बायका पाण्यात उतरून घागर भरायच्या. फोड आलेला पाय पाण्यात बुडाला की नारूची मादी पाण्यात पिल्लं सोडायची, पाण्यातले बारीक सायक्लॉप्स ती गिळायचे, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांब नारू तयार. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सडलाच म्हणायचं. आजींनी बोटाभोवती पदराचा दोरा गुंडाळून दाखवला, अगदी सावकाश.

भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ना गोळी, ना लस. पाणी फडक्याने गाळणं, पायविहिरी बंद करणं किंवा बांधून काढणं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध आणि घरोघर फिरणारी माणसं. जगात आता मोजकेच रुग्ण उरलेत, पण आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०१२ पासून तो कुत्र्यांत सापडू लागला. म्हणून तिथे कुत्री बांधून ठेवतात, माशांची आतडी पुरून टाकतात.

चौदा दिवसांनी पुन्हा गेलो. पोळा होऊन गेला होता. डॉक्टरांनी चौघींच्या ताज्या लेंड्या घेतल्या, प्रत्येकीच्या दोन ग्रॅम. मिठाच्या दाट पाण्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळल्या. मिठाच्या पाण्यात अंडी वर तरंगतात, घाण खाली बसते. रेघा आखलेल्या काचेत थेंब सोडून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. ओठ हलत होते. दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजायची आणि पन्नासने गुणायचं. औषध लागू पडलं असेल तर आकडा पाजण्याआधीच्या मोजणीपेक्षा निदान ९५ टक्के खाली यायला हवा. मलाही बघू दिलं: लंबगोल, पातळ कवचाची, आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी.

तिघींचा आकडा चांगला उतरला होता. चौथीचा जवळपास होता तिथेच.

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, “आजी, हेच औषध किती वर्षं पाजताय?”

“पयल्यापासून हेच,” आजी म्हणाल्या. “दुकानवाला दुसरं देतच नाही.”

डॉक्टरांनी काच धुतली आणि चौथीला पुन्हा उन्हात घेतलं.