भंगारातले पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

डोळे पाणीदार असतात, मोती पाणीदार असतात, खिल्लारी बैलही पाणीदार असतो. एखाद्याचा कस पाहायचा झाला म्हणजे आपण त्याचे ‘पाणी जोखतो’. मराठीच्या तासाला हे वाक्प्रचार आले तेव्हा मला आमच्या घरचा भाता आठवल्यावाचून राहिला नाही. कारण आमच्या धंद्यात पाणी हा अलंकार नसून रोजचा व्यवहार आहे. तापलेले पाते पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा आणणे म्हणजे ‘पाणी देणे’. ज्या लोखंडाला पाणी चढते त्याचीच सुरी होते. ज्याला चढत नाही त्याची कडी करावी, कोयंडा करावा, पण सुरी करू नये. आणि गंमत अशी की, कोणत्या लोखंडाला पाणी चढेल हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. भंगारात मिळणाऱ्या चित्रविचित्र वस्तूंपासून पाती घडवण्याचे जे प्रयोग आमच्या भट्टीवर झाले, आणि त्या वस्तूंचे पाणी जोखण्याची जी रीत मी पाहिली, त्यांची माहिती वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी जन्माने लोहाराची मुलगी आणि शिक्षणाने कला शाखेची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यात पुरुष सांडशी धरतो आणि बाई घण मारते, तेव्हा आईच्या शेजारी उभी राहून घण मारणे मला काही नवे नाही. रसायनशास्त्राशी मात्र माझी ओळख दहावीपुरतीच. तरी जमेल तेवढे सांगते.

आधी पोलाद म्हणजे काय ते पाहू. लोखंडात किंचित कार्बन मिसळला की पोलाद होते. किंचित म्हणजे किती? बांधकामाच्या साध्या लोखंडात शेकडा पाव भागाच्या आसपास, ट्रकच्या कमानपाट्यात साधारण अर्धा ते पाऊण, रेल्वेच्या रुळात शेकडा ०.६ ते ०.८, चांगल्या कानशीत एक किंवा त्याहून थोडा अधिक. म्हणजे सगळा खेळ शंभरात एका भागाचा! पोलाद लाल-नारिंगी होईपर्यंत तापवले की त्यातला कार्बन लोखंडाच्या कणांत विरघळतो. मग ते एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकून पडतो आणि सारी घडण ताणली जाते. हा ताण म्हणजेच कठीणपणा. पण अशा वेळी पाते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवून थोडे नरम करावे लागते. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या वेळी रंग धावू लागतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा दोनशे-सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या सुमारास. भाजीची सुरी पिवळ्यावर थांबवावी, उसाचा कोयता जांभळ्यावर. आमचे आबा कोयत्याची धारेची कड तेवढीच पाण्यात धरतात. पाठीत उरलेली धग आपोआप धारेकडे सरकते, रंग धावतो, आणि हवा तो रंग धारेला पोचला की सबंध पाते पाण्यात. हे सारे दहा-पंधरा सेकंदांत उरकते. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नसते.

अमुक इतके तापले हे कसे कळते? आबा रंगावरून ओळखतात. भट्टीच्या जागी अंधार का ठेवतात हे आता वाचकांच्या लक्षात येईल. उन्हात लाल रंगाच्या छटा कळत नाहीत. अकरावीत असताना मी कुठेसे वाचले की, लोखंड सुमारे ७७० अंशांना पोचले की त्याला लोहचुंबक ओढत नाही. पाणी देण्यापूर्वी लागणारी उष्णता याच्याच थोडी वर असते. जुन्या स्पीकरचा चुंबक तारेला बांधून मी आबांच्या शेजारी उभी राहिले. ते “आता” म्हणत, तेव्हा मी चुंबक लावून बघे. दहा वेळा पाहिले. दहाही वेळा चुंबक पात्याला चिकटला नाही. आबा त्यावर काही बोलले नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी तो चुंबक भिंतीवरच्या खिळ्याला नीट टांगलेला दिसला.

मुळात प्रयोगांची गरज का पडली? आमच्याकडे पिढीजात माल म्हणजे कमानपाटा. तो उसाच्या कोयत्याला, खुरप्याला, विळ्याला चालतो, आणि कसा वागेल हे ठाऊक असते. पण भंगार वजनावर विकले जाते, गुणावर नव्हे. पाटा दर वेळी मिळतोच असे नाही आणि मिळाला तर महाग पडतो. उलट, दुसरे हजार तऱ्हेचे लोखंड ढिगात पडून असते. त्यातले काय चालेल हे ठरवण्यात पोटाचा प्रश्न आहे. नुसत्या हौसेचा नाही. ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांची मोजणीच हत्याराच्या नावाने होते. ते हत्यार फडात मोडले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि उडालेला तुकडा कोठे लागेल याचा नेम नाही. म्हणून अनोळखी लोखंडाचा कोयता गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, आधी घरची विळी, सुरी, खुरपे करून वर्षभर वापरून पाहायचे, असा आबांचा दंडक आहे. (अलीकडे वर्तमानपत्रांत कोयता भलत्याच कारणाने गाजतो. त्यामुळे अनोळखी तरुण पोरे कोयता मागायला आली तर आबा शेत कोठे आहे ते आधी विचारतात.)

अनोळखी लोखंडाच्या परीक्षा दोन. पहिली ठिणग्यांची. तुकडा ग्राइंडरला लावावा आणि अंधारात ठिणग्या पाहाव्यात. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेघांसारख्या जातात. कार्बन जसा वाढतो तशा त्या फुटू लागतात. कानशीच्या ठिणग्या तर दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या फांद्या फांद्यांनी फुलतात. दुसरी परीक्षा मोडण्याची, आणि खरी हीच. बोटभर तुकडा तापवून पाण्यात विझवावा आणि ऐरणीच्या कडेला धरून हातोडा मारावा. वाकला तर पाणी चढले नाही. मोडला तर मोडलेली बाजू उजेडात बघावी. राखाडी, मऊ, रेशमासारखी दिसली तर उत्तम. साखरेसारखे मोठे चमकते दाणे दिसले तर लोखंड जास्त तापले असे समजावे. तोच माल पुन्हा कमी ताव देऊन पाहावा, लगेच टाकून देऊ नये.

आता वस्तूंकडे वळू. आमच्या वर्गातल्या एकाने मोठ्या विश्वासाने विचारले होते, “इतके मजबूत टीएमटी सळीचे लोखंड, त्याची सुरी का करत नाही?” प्रश्न चांगला आहे. कारखान्यात ती सळी तापलेली असतानाच तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात, त्यामुळे वरचे कवच कठीण होते आणि गाभा नरम राहतो. पण कार्बन मुळातच कमी. भट्टीत घातली की कारखान्याने दिलेले ते कवच नाहीसे होते आणि आपण पुन्हा देऊ म्हटले तर सुरीला पुरेल इतके येत नाही. सळीचा चिमटा करावा, उलथने करावे.

कानशीचे उलट आहे. तिला पाणी भरपूर चढते, इतके की जपावे लागते. तिचे दाते आधी पूर्ण घासून काढले पाहिजेत. तसेच घण मारले तर दाते आत दुमडतात आणि प्रत्येक दुमड म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. कानशीची सुरी आमच्या स्वयंपाकघरात चार वर्षे आहे. सहाणेवर महिन्यातून एकदा फिरवली की पुरते.

सर्वांत हट्टी निघाले ट्रॅक्टरच्या चाकाचे बेअरिंग. त्याच्या कड्यात कार्बन शेकडा एक आणि क्रोमियम दीडच्या आसपास असते. कडे कापून, तापवून सरळ करायलाच एक दुपार गेली. इतर लोखंड घणाखाली दबते, हे नुसते ऐकून घेते! फार तापवले तर कडा भुरभुरीत होतात, कमी तापवले तर तडकते. मधली पट्टी अरुंद. पाण्यात बुडवलेला पहिला तुकडा ‘टिण्’ असा आवाज करून उभा चिरला. अशा पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, ते तेलात विझवावे लागते. मग स्टँडवरच्या हॉटेलातले वडे तळून काळे झालेले तेल आबांनी आणले. त्यात विझवलेले पाते न चिरता निघाले, आणि दोन दिवस गल्लीत वड्यांचा वास दरवळत राहिला.

यंत्रकरवतीच्या जाड पात्याचा मामला वेगळाच. त्याच्या ठिणग्या थोड्या, मंद आणि विटकरी लाल. अशा पोलादात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम असते आणि ते कठीण करायला बाराशे अंशांच्या वर, तेही मोजून, तापवावे लागते. कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. म्हणून ते आगीत घालायचेच नाही. कारखान्याने दिलेला कठीणपणा तसाच ठेवून फक्त घासून आकार द्यायचा. घासताना निळे पडले तरी बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पडले तर मात्र फरशीवर दोन तुकडे होतात. हातकरवतीच्या बारीक पात्यांच्या नादाला तर लागू नये. त्यांतल्या पुष्कळांना चांगल्या पोलादाची पट्टी फक्त दात्यांच्या कडेला जोडलेली असते. दाते घासून टाकले की नेमके हवे तेच गेले.

भलत्या वस्तूपासून पाते करण्याची हौस आजची नाही. इ. स. १६२१ मध्ये जालंधरजवळ आकाशातून लोखंडाचा गोळा पडला. बादशहा जहांगीराने तो उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराकडे दिला. आठवणींत जहांगीर लिहितो की, ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, फुटू लागले. तेव्हा तीन भाग उल्केचे आणि एक भाग साधे लोखंड मिसळले, आणि त्यातून दोन तलवारी, एक कट्यार व एक सुरी झाली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. उस्ताद दाऊदाने ठिसूळ मालाला नरम मालाची जोड दिली. आमच्याकडे नरम लोखंडाच्या पोटात पोलादाची पट्टी घालून कुऱ्हाडीला धार काढतात, त्यातही विचार हाच.

दुसरे नाव मायकेल फॅरडेचे. विजेच्या शोधांमुळे तो सर्वांना माहीत आहे; पण तो लोहाराचा मुलगा होता आणि त्याचे शालेय शिक्षण अगदी बेताचे होते हे मला फार उशिरा कळले. भारतातले पोलाद, ज्याला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत, त्याचे नमुने १७९० नंतरच्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला धाडले होते. फॅरडेने १८१९ मध्ये या पोलादाचे पृथक्करण केले, आणि जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-शस्त्रे करणाऱ्या कारागिराबरोबर पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे काय काय मिसळून पाहिले. मला या प्रयोगांतली जोडी आवडते: एक शास्त्रज्ञ आणि एक सुरीवाला, आणि शास्त्रज्ञही मूळचा भट्टीच्या घरचा.

तिसरे उदाहरण तैवानच्या ताब्यातील किनमेन बेटाचे. १९५८ च्या ऑगस्टपासून ४४ दिवसांत त्या बेटावर चीनकडून सुमारे पावणेपाच लाख तोफगोळे पडले, आणि पुढे १९७८ अखेरपर्यंत दिवसाआड मारा चालू राहिला. त्या गोळ्यांच्या कवचांपासून तेथील लोहारांनी भाजीच्या सुऱ्या केल्या, आजही करतात. वाचायला हे फार सुंदर वाटते. पण आपल्याकडे कोणी लष्करी सरावाच्या मैदानाजवळचा तुकडा उचलून भट्टीवर आणू नये, हे ठासून सांगते. न फुटलेला गोळा भंगार नसतो. तीच गोष्ट मोटारसायकलच्या बंद शॉकॅबसरची: आत तेल आणि वायू कोंडलेला असतो, तापवला की स्फोट. जस्ताचा मुलामा असलेले पाइप आणि पत्रेही आगीत घालू नयेत. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या धंद्यात या तापाला वेगळे नाव नाही, “धूर लागला” एवढेच म्हणतात.

शेवटचा प्रयोग तारेच्या दोराचा. विहिरी खोदणाऱ्या क्रेनचा बोटाएवढा जाड दोर झिजला की टाकून देतात. त्याच्या तारा चांगल्या कार्बनच्या असतात. दोर मुलाम्याचा नाही ना हे पाहून घेतले, मधला तागाचा गाभा ओढून काढला, ग्रीस जाळले, दोन्ही टोके वेल्डिंगने बांधली. मग टाकणखार शिंपडून पांढरट पिवळा ताव दिला, आणि तापलेला दोर पिळून घट्ट केला. पहिले घाव हलके मारायचे, नाहीतर तारा पसरतात. जोड बसू लागला की घणाचा आवाज बदलतो, भद्द होता तो भरीव होतो. तो आवाज आईला माझ्या आधी कळला. तीन संध्याकाळी आणि अर्धे पोते कोळसा खर्चून वीतभर पाते झाले. निम्मे लोखंड खपल्या होऊन उडून गेले. धंदा म्हणून हा व्यवहार तोट्याचा आहे, हे आबांनी त्याच रात्री हिशेब करून सांगितले.

ते पाते सध्या आमच्या विळीत बसवलेले आहे. त्यावर तारांच्या पिळाची नक्षी अंधुक दिसते. लिंबू चिरले की ती आणखी उठते, कारण आंबटाने सगळे पोलाद सारखे काळवंडत नाही. मात्र चिरून होताच पाते पुसून कोरडे करावे लागते, नाहीतर रात्रीतून गंज धरतो.