मारुती ८००

भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली लहान आकाराची, पुढील चाकांना चालना देणारी मोटारगाडी. हरयाणातील गुडगाव (२०१६ पासून गुरुग्राम) येथील कारखान्यात मारुती उद्योग लिमिटेड या कंपनीने (२००७ पासून मारुती सुझुकी इंडिया लिमिटेड) जपानच्या सुझुकी कंपनीच्या तांत्रिक व भांडवली सहकार्याने ती निर्माण केली. ज्या मोटारींना मागे स्वतंत्र पेटीसारखी डिकी नसते व सामान ठेवण्याची जागा बैठकीच्या भागाशी सलग असून तिचे दार वर उचलून उघडावे लागते, त्यांना ‘हॅचबॅक’ म्हणतात. मारुती ८०० ही या वर्गात मोडते. नावातील ‘८००’ हा आकडा एंजिनाच्या ७९६ घ. सेंमी. या घनफळावरून आला. एकूण २८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या व त्यांपैकी २६ लाखांहून अधिक भारतातच विकल्या गेल्या. भारतीय मध्यमवर्गात खाजगी मोटारीचा प्रसार प्रामुख्याने या गाडीमुळे झाला.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील मोटार उत्पादन परवानापद्धतीने बांधलेले होते. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे बनणारी अँबॅसडर, मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट (पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’) आणि मद्रासची स्टँडर्ड या गाड्यांखेरीज ग्राहकाला निवड नव्हती. या गाड्यांचे मूळ नमुने ब्रिटन व इटलीतील १९५०–६० या काळातील असून मूळ देशांत ते मागे पडल्यावरही येथे ते चालू राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान मोटार देशात बनवावी हा विचार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी समित्यांपुढे येत होता. खाजगी प्रयत्नही झाले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाच्या लहान मोटारीचे अनेक नमुने स्वतःच्या कल्पनेने सिद्ध केले. पण परवाना व भांडवल यांअभावी ते उत्पादनापर्यंत पोहोचले नाहीत.

१९७० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे पुत्र संजय गांधी यांना वर्षाला ५०,००० लहान मोटारी बनविण्यासाठी इरादापत्र मिळाले व १९७१ मध्ये मारुती लिमिटेड ही कंपनी नोंदविली गेली. गाडी संपूर्ण देशी असेल, अशी घोषणा होती. हरयाणा सरकारने गुडगाव येथे सु. ३०० एकर जमीन उपलब्ध करून दिली. कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या; परंतु विक्रीयोग्य मोटार बाहेर पडली नाही. १९७७ च्या सत्तांतरानंतर या कंपनीच्या व्यवहारांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा आयोग नेमण्यात आला व कंपनी दिवाळ्यात निघाली. जून १९८० मध्ये संजय गांधी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी कायदा करून केंद्र सरकारने कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतली. फेब्रुवारी १९८१ मध्ये स्थापन झालेली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी अशा प्रकारे एका वादग्रस्त वारशावर उभी होती. पुढील यशामुळे हा आरंभ विस्मृतीत गेला असला, तरी एका खाजगी उपक्रमाच्या अपयशाचा भार सार्वजनिक निधीवर टाकण्यात आला, ही त्या वेळची टीका निराधार म्हणता येत नाही.

भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नाव मिळविलेले व्ही. कृष्णमूर्ती (१९२५–२०२२) यांच्याकडे नव्या कंपनीची सूत्रे आली. भारतीय प्रशासन सेवेतील आर. सी. भार्गव त्यांचे सहकारी होते. प्रथम रेनॉ १८ या फ्रेंच मध्यम आकाराच्या गाडीचा विचार चालू होता. तथापि १९७९ च्या दुसऱ्या खनिज तेल संकटानंतर इंधनाची काटकसर हा निकष सर्वांत महत्त्वाचा ठरला आणि दृष्टी जपानी लहान गाड्यांकडे वळली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. सुझुकीने आरंभी २६ टक्के भागभांडवल घेतले. त्या वेळी सुझुकी ही जपानमधील मोठ्या मोटार कंपन्यांत गणली जात नव्हती. प्रतिष्ठित कंपन्यांनी फारशी उत्सुकता दाखविली नाही तेथे तिचे अध्यक्ष ओसामु सुझुकी (१९३०–२०२४) यांनी स्वतः लक्ष घालून भांडवली जोखीम पत्करली, हे या करारामागील निर्णायक कारण होय.

जपानी मूळ : मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हामामात्सू येथे काढलेल्या मागांच्या कारखान्यातून ही कंपनी वाढली. १९५५ मध्ये तिने ‘सुझुलाइट’ ही पहिली मोटार बनविली. जपानमध्ये कमाल आकार व एंजिनाचे घनफळ ठरवून दिलेल्या लहान गाड्यांचा ‘केइ’ नावाचा एक कायदेशीर वर्ग असून त्यांना करात सवलत मिळते. घनफळाची ही मर्यादा १९७६ मध्ये ३६० वरून ५५० घ. सेंमी. वर आणि १९९० मध्ये ६६० घ. सेंमी. वर नेण्यात आली. मे १९७९ मध्ये सुझुकीने याच वर्गात ‘ऑल्टो’ ही गाडी ४,७०,००० येन एवढ्या अल्प किंमतीस आणली. प्रवासी मोटारींवरील कर टाळण्यासाठी तिची नोंद मालवाहू वाहन म्हणून होई. मागील बैठक त्यामुळे नाममात्रच असे. तिचेच प्रवासी रूप म्हणजे ‘फ्रॉन्टे’. निर्यातीसाठी या गाडीत ७९६ घ. सेंमी.चे चार धावांचे (फोर-स्ट्रोक) एंजिन बसविण्यात आले व त्या रूपास ‘एसएस ८०’ ही संज्ञा मिळाली. भारतात प्रथम आली ती हीच.

पहिली पिढी (१९८३–८६) : १९८३ च्या उन्हाळ्यात दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी सुरू झाली, तेव्हा दोन महिन्यांत सव्वा लाखाच्या घरात अर्ज आले. देशातील सर्व मोटारींचे वार्षिक उत्पादन तेव्हा पन्नास हजारांच्या आत होते, हे लक्षात घेता या आकड्याचा अर्थ कळतो. गाड्यांचा क्रम संगणकाद्वारे सोडतीने लावण्यात आला. १४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय गांधी यांच्या जन्मदिनी, इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीतील एका ग्राहकास पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली. किंमत सु. ४७,५०० रुपये होती. नंबर लागलेल्यांपैकी काहींनी गाडी मिळताच ती अधिक किंमतीस विकली. नव्यापेक्षा जुनी गाडी महाग, हा चमत्कार स्कूटरच्या बाबतीत भारतीयांच्या परिचयाचा होताच, तो आता मोटारीतही दिसू लागला.

एसएस ८० मध्ये तीन सिलिंडरांचे एंजिन पुढील भागात आडवे बसविलेले होते. सिलिंडराचा व्यास ६८·५ मिमी. व दट्ट्याची धाव ७२ मिमी. असून सु. ३७ अश्वशक्ती मिळे. एंजिन, चार दंतचक्र-जोड्यांची गिअरपेटी व चालना हे सर्व पुढेच असल्याने मागील चाकांकडे जाणारा लांब दांडा व त्यासाठी गाडीच्या तळात करावा लागणारा उंचवटा अनावश्यक ठरला. १२ इंची लहान चाकांमुळेही जागा वाचली. मागील बाजूस मात्र पट्ट्यांच्या जुन्या धर्तीच्या स्प्रिंगा होत्या.

दुसरी पिढी (१९८६–२०१४) : जपानमध्ये १९८४ मध्ये आलेल्या दुसऱ्या ऑल्टोवर आधारित ‘एसबी ३०८’ हा नमुना १९८६ मध्ये भारतात आला. गोलसर पण टोकदार उताराचे नाक, उंच छत, मोठ्या काचा असे त्याचे रूप असून भारतीयांच्या डोळ्यांपुढे ‘मारुती’ या शब्दाने उभी राहते ती हीच गाडी. लांबी ३,३३५ मिमी., रुंदी १,४४० मिमी., पुढील व मागील आसांतील अंतर २,१७५ मिमी. व वजन सु. ६५० किग्रॅ. एंजिन तेच राहिले. मागे मळसूत्री स्प्रिंगा आल्या. प्रीमियर पद्मिनीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी.चे व सु. ४० अश्वशक्तीचे, परंतु वजन ९०० किग्रॅ.च्या आसपास होते. जवळजवळ तेवढ्याच शक्तीवर पाव टन हलकी गाडी ओढावयाची असल्याने मारुती चपळ व कमी पेट्रोल पिणारी ठरली. बोरघाट किंवा कसारा घाट चढताना जुन्या गाड्यांतील पाणी उकळून रस्त्याकडेला थांबावे लागणे हा प्रवासाचा नेहमीचा भाग होता. मारुतीने तो बराचसा संपविला. हलका क्लच, जमिनीवरून सरळ हाताला येणारा गिअरचा दांडा व वळविण्यास सोपे चक्र यांमुळे मोटार चालविणे हे पगारी ड्रायव्हरचे काम न राहता घरमालकाचे, आणि उल्लेखनीय प्रमाणात गृहिणीचे व नोकरदार स्त्रीचेही झाले. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी दीर्घकाळ हीच गाडी वापरली.

आरंभी बहुतेक सुटे भाग जपानहून येत व येथे केवळ जोडणी होई. इंधनाची काटकसर करणाऱ्या वाहनांना मिळालेल्या शुल्क-सवलतीचा लाभ प्रत्यक्षात मारुतीलाच होत असल्याने जुन्या उत्पादकांनी नाराजी व्यक्त केली. १९८५ नंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले व आयात भाग महागले. स्वदेशीकरणाची निकड त्यामुळे धोरणाइतकीच हिशेबातूनही आली. मारुतीने भाग पुरविणाऱ्या कारखान्यांत स्वतः भागीदारी केली, जपानी कंपन्यांशी त्यांची गाठ घालून दिली आणि अनेकांना गुडगावच्या परिसरात आणले. भारताच्या सुटे भाग उद्योगाचा गुणवत्तेचा दर्जा यातून बदलला; या गाडीचे औद्योगिक इतिहासातील खरे महत्त्व येथे आहे. १९८७ मध्ये ५०० गाड्या हंगेरीस निर्यात झाल्या. कारखान्यात सर्वांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह व सकाळचा व्यायाम ही जपानी रीत होती व तिची पुष्कळ वाखाणणी झाली. तथापि २०००–०१ मधील प्रदीर्घ कामगार तंट्याने तिच्या मर्यादाही उघड केल्या.

दुसऱ्या पिढीचा साचा २८ वर्षे चालला. जपानमध्ये ऑल्टोची तिसरी पिढी १९८८ मध्येच आली होती. भारतात मात्र मूळ अंग कायम ठेवून कायद्याच्या वा स्पर्धेच्या दडपणाखाली वरवरचे फेरफार होत राहिले. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. १९९७ मध्ये पुढील दिवे व नाक यांना गोलाई देण्यात आली. १९९८ मध्ये टाटांची पुण्यात बनणारी इंडिका, हुंदाईची सँट्रो व देवूची मॅटिझ या गाड्या अवतरल्या व मारुतीला प्रथमच किंमत घटविणे भाग पडले. दिल्ली परिसरासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये युरोपीय धर्तीच्या उत्सर्जन मर्यादा घातल्याने कार्ब्युरेटरचे दिवस भरले. २००० च्या सुमारास प्रत्येक सिलिंडरास चार झडपा व इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाने इंधन फवारणारी यंत्रणा असलेले सु. ४५ अश्वशक्तीचे एंजिन व पाच गतींची गिअरपेटी काही उपप्रकारांत आली. चोक ओढून थंड एंजिन चालू करण्याची सवय येथून सुटली. २००८ मध्ये द्रवीकृत पेट्रोलियम वायूवर चालणारे रूपही निघाले.

दरम्यान त्याच कंपनीची ऑल्टो ही गाडी २००० मध्ये भारतात आली. तिच्यात ८०० चेच एंजिन होते, पण अंग नवे होते. २००४ च्या सुमारास तिने सर्वाधिक खपाचा मान घेतला. मारुती ८०० मागे पडण्यामागे सुरक्षिततेचाही प्रश्न होता. पातळ पत्र्याचे हलके अंग हेच काटकसरीचे रहस्य असल्याने धडकेत प्रवाशांचे संरक्षण अल्पच होई. सुरक्षा-पिशव्या तिच्यात कधीच नव्हत्या. उभ्या अडथळ्यावरील धडक-चाचणी भारतात सक्तीची झाली ती २०१७ मध्ये, या गाडीचे उत्पादन थांबल्यानंतर. त्यामुळे तीन दशके ही उणीव कायद्याने विचारलीच नाही. ग्राहकानेही ती फारशी विचारली नाही. स्कूटरवर दोन मुलांसह बसणाऱ्या कुटुंबाला चार दारे व छत हीच मोठी सुरक्षितता वाटे, आणि तुलनेने ती होतीही.

एप्रिल २०१० मध्ये तेरा मोठ्या शहरांत भारत टप्पा ४ ही उत्सर्जन मर्यादा लागू झाली. नव्या मर्यादेसाठी जुन्या गाडीवर खर्च न करण्याचे कंपनीने ठरविले व मुंबई, पुणे आणि सोलापूर यांसह त्या शहरांतील विक्री बंद झाली. लहान गावांतून ती आणखी काही वर्षे विकली गेली. १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबले. अँबॅसडरचेही उत्पादन त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडले. पहिल्या ग्राहकाची गाडी डागडुजी करून कंपनीने आपल्या मुख्यालयात ठेवली आहे.

एसबी ३०८ चे आयुष्य मात्र भारताबाहेर अधिक लांबले. चीनमध्ये ती १९९० च्या दशकापासून ऑल्टो या नावानेच बनत असे. पाकिस्तानात एसएस ८० ‘एफएक्स’ या नावाने व १९८९ पासून एसबी ३०८ ‘मेहरान’ या नावाने विकली गेली. ७९६ घ. सेंमी.चे तेच एंजिन असलेल्या मेहरानला कार्ब्युरेटर सोडावयास २०१२ साल उजाडले व तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिच्या जागी तेथे ६६० घ. सेंमी.ची नवी ऑल्टो आली.