मोटारीचा विमा आणि पेढीची जोखीम

ज्या व्यापाऱ्याच्या दारात मालमोटार उभी आहे, त्याच्या पेढीची मोठी जोखीम रस्त्यावर फिरत असते. दुकानाचा आगीचा विमा आपले सभासद सहसा चुकवीत नाहीत. मोटारीचा विमा मात्र पोलिसास दाखवावयाचा कागद, एवढ्याच दृष्टीने पाहिला जातो. ही समजूत घातक आहे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७ पासून विम्याची सक्ती आहे, तर न्यू हॅम्पशायरमध्ये सरसकट सक्ती आजही नाही. आपल्याकडे कायदा मध्यवर्ती आहे. बेळगावहून सुटलेली गाडी पणजीस जावो वा कोल्हापुरास, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम तिच्यासोबत असतेच. आपल्या वाहनामुळे दुसऱ्यास होणाऱ्या इजेची हमी देणारा हा विमा नसेल, तर पहिल्या खेपेस २,००० रुपये आणि पुढे ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही. २०१९ पूर्वी दंड १,००० रुपयांपर्यंतच होता. शिक्षेस केवळ चालकच नव्हे, गाडी चालवू देणाराही पात्र ठरतो.

परंतु दंड ही यातील लहान रक्कम. अपघातात कर्ता पुरुष गेला, तर न्यायाधिकरण त्याचे वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरविते. विमा असता तर ती कंपनीने दिली असती. तो नसेल, तर मालकाने स्वतःच्या मालमत्तेतून द्यावयाची. आणि त्या विधवेची वाट पाहणे संपत नाही ते निराळेच.

विम्याची मुदत टळूनही नव्वद दिवस सवलत असते, असे पुष्कळांस वाटते. ते दिवस दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सूट टिकविण्यापुरते आहेत. त्या काळात संरक्षण मुळीच नसते. हप्त्याचा धनादेश न वटल्यास आणि अपघातापूर्वी कंपनीने विमा रद्द करून मालकास तसे कळविले असल्यास तिची जबाबदारी उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. व्यापाऱ्यास न वटलेल्या धनादेशाचे महत्त्व आम्ही काय सांगावे!

आणखी एक बाब. मालगाडीत मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्यास या सक्तीच्या विम्याचे संरक्षण आहे. नोकरीतील माणसांबाबतही कामगार भरपाईच्या कायद्यापुरती तरतूद आहे. वाटेत हात दाखवून चढलेल्या उतारूस मात्र, २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, या विम्याचा आधार नाही. चालक दहा-वीस रुपये घेऊन अशा माणसास पोत्यांवर बसवितो. मालकास त्याची वार्ता लागते ती न्यायाधिकरणाची नोटीस पेढीवर आल्यानंतर.