पसाऱ्याच्या घरातील सिंक आणि ओटा

स्वयंपाकघरांची जी रंगीत चित्रे दुकानदारांच्या पत्रकांतून आपल्यापुढे येतात, त्यांत एक गोष्ट हटकून आढळते : तेथे कोणी जेवलेले नसते. ओट्यावर लिंबांची परडी, खिडकीत एखादी कुंडी आणि सिंक आरशासारखे लखलखीत. ज्या घरात पाच माणसे तीन निरनिराळ्या वेळी जेवतात, दुपारची पातेली दिवेलागणीपर्यंत तशीच राहतात आणि झारा हवा तेव्हा नेमका सापडत नाही, त्या घराचे चित्र कोणी छापीत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मात्र याच जातीची असतात. नवा ओटा करून घेण्याचा योग आला म्हणजे, आता सारी मंडळी आपोआप टापटिपीची होतील अशा भरवशावर आपण तो बांधवून घेतो. स्वभावाला औषध नाही, ही म्हण त्या वेळी कोणाला आठवत नाही. तीन महिन्यांत पसारा आपल्या जागी परत येतो, आणि दोष घरच्या गृहिणीच्या माथी बसतो.

म्हणून वाचकांनी प्रथम हे मनाशी ठरवावे, की सिंक आणि ओटा आहे त्या घरासाठी करावयाचा आहे, व्हावेसे वाटणाऱ्या घरासाठी नव्हे. हा विचार पारखून घ्यावयाचा तर कोलकात्याच्या स्वयंपाकघराइतकी कठीण कसोटी दुसरी मिळणार नाही. नोकरीनिमित्त तेथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावे लागणार नाही. रोजची मासळी, मोहरीचे तेल, भाताची पेज, काशाची जड भांडी, ठरावीक वेळी वाढणारे नळाचे पाणी आणि आषाढ-श्रावणातील तुंबणारी गटारे, इतक्यांना जे सिंक पुरून उरेल ते नागपुरात किंवा बेळगावातही कमी पडावयाचे नाही.

उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांत सिंक नावाची वस्तू नव्हती. अंगणाच्या कडेला नळाखाली दगडी किंवा सिमेंटची उतरती जागा असे. तिला बंगाली लोक ‘कलतला’ म्हणतात. आपली मोरीच ती. उकिडवे बसून भांडी घासावयाची, जमिनीवर बसूनच बोंटीवर भाजी चिरावयाची आणि शिलनोड्यावर मोहरी वाटावयाची, अशी सारी कामे भुईशी चालत. बोंटी म्हणजे आपली विळी आणि शिलनोडा म्हणजे पाटावरवंटा. पुष्कळ घरांत मासळीची बोंटी वेगळी आणि भाजीची वेगळी असते. शिजलेल्या भाताला लागलेले भांडे कोठे ठेवावे व कोठे ठेवू नये, याविषयी बंगाली घरांतील जुने नियम आपल्या आजीच्या खरकट्याच्या नियमांइतकेच कडक होते. त्या नियमांचा एक व्यावहारिक लाभ असा, की उष्ट्या भांड्यांची जागा ठरलेली असे. जेवून उठलेल्या माणसाला ताट कोठे न्यावे याचा विचार करावा लागत नसे.

पुढे कुटुंबे सदनिकांत राहावयास गेली. अंगण गेले, कलतला गेली आणि तिचे सारे काम दीड हात लांबीच्या एका पात्रावर येऊन पडले. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर क्षेत्राचे आणि १.८ मीटर रुंदीचे असावे. एवढ्याशा जागेत उष्टी भांडी ठेवावयास स्वतंत्र जागा न ठेवणे, ही आजच्या पसाऱ्याची खरी मुळी आहे. भांडी सिंकमध्येच साचतात. सिंक भरले की तांदूळ धुण्यासही जागा उरत नाही. मग तांदळाचे पातेले शेगडीशेजारी, शेगडीशेजारचे ताट टेबलावर, असा प्रवास सुरू होतो. त्यातच भांडी घासणाऱ्या बाई दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा येतात. कोलकात्यात त्यांना ‘माशी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी मावशीच. त्या येईपर्यंतची भांडी कोठे तरी थांबणारच. त्यांना थांबावयास मानाची जागा द्यावी, हे उत्तम.

ती जागा अशी करावी. सिंकच्या एका अंगास दोन ते अडीच फूट लांबीचा ओटा केवळ उष्ट्या भांड्यांसाठी राखून ठेवावा, त्याच्या कडेला बोटभर उंचवटा द्यावा आणि उतार सिंककडे काढावा. दुसऱ्या अंगास धुतलेली भांडी. उष्टे, धुणे, निथळणे हा क्रम एकाच दिशेने जावा आणि त्याच्या वाटेत शेगडी येऊ नये. हे एवढे साधले, तर सिंक मोठे की लहान हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता प्रत्यक्ष सिंक. दुकानात दोन कप्प्यांचे सिंक दाखवून, एकात घासा आणि दुसऱ्यात विसळा असे सांगण्यात येते. नीटनेटक्या घरात ते शोभेल. पसाऱ्याच्या घरात दुसरा कप्पा आठ दिवसांत उष्ट्या भांड्यांचे कोठार होतो, आणि उरलेल्या अरुंद कप्प्यात कढई आडवीसुद्धा बसत नाही. त्यापेक्षा एकच, पण प्रशस्त कप्पा घ्यावा. आतून सुमारे २४ इंच लांब आणि १८ इंच रुंद. खोलीचा मोह मात्र आवरावा. खोल सिंकमध्ये पसारा दिसत नाही हे खरे. पण त्याच्या तळाशी हात पोचविण्यासाठी कंबर वाकवावी लागते, आणि ती रोज तासभर वाकते. आठ, फार तर नऊ इंच खोली पुरे. पाच फूट उंचीच्या स्त्रीला ओटा साधारण ३२ इंच उंचीवर सोयीचा पडतो. परंतु सिंकमध्ये काम तळाशी चालते, म्हणून तेवढा भाग दोन-तीन इंच उंच घ्यावा. शेगडीचा भाग उलट थोडा खाली असावा, कारण तेथे पातेल्याची उंची वर येते. गवंडी सारा ओटा एका पातळीत ओढण्याचा आग्रह धरतात. तो मानू नये.

पत्र्याच्या जाडीच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट ध्यानात ठेवावी : गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि कांस्याचे पातेले आदळले तरी सहसा पोचत नाही. २२ गेजचा आवाजही करतो आणि वाकतोही. पोलादाचा प्रकार ३०४ असा मागावा. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्तातील २०२ प्रकारात निकेल कमी असते, आणि मिठाशी त्याचे फारसे जमत नाही. माणिकतला किंवा गडियाहाटच्या बाजारातून मासळी कापून घरी आली की तिला मीठ-हळद चोळून ठेवतात; ते खारट पाणी रात्रभर सिंकमध्ये राहिले, तर हलक्या पोलादावर बारीक खड्डे पडू लागतात. पांढरी चिनी मातीची सिंके दिसण्यास देखणी खरी, पण हळद त्यांच्यावर आपली खूण सोडते, आणि जेथे कूपनलिकेच्या पाण्यात लोह असते तेथे नळाखाली तांबूस पट्टा उमटतो. संगमरवरी ओट्याचीही तीच गत. लिंबू किंवा चिंच सांडली की त्याची झिलई जाते. काळा ग्रॅनाइट यातले बरेचसे सोसतो आणि उरलेले लपवितो.

पाणी खाली कोठे जाते, याचा विचार गृहिणीने का करावा, असे कोणी विचारील. कोलकात्यात या प्रश्नाला मोठे रंजक उत्तर आहे. टाला येथील प्रचंड उंच टाकी १९११ पासून शहराला पाणी देत आली आहे, आणि सांडपाण्याची विटांची भुयारी गटारे तर विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या योजनेनुसार त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली. हे सांडपाणी पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात जाते, आणि तेथील ‘भेडी’ नावाच्या उथळ तळ्यांत त्याच्यावर रुई, कातला, मृगेल यांसारखे मासे पोसले जातात. २००२ मध्ये या प्रदेशाचा समावेश रामसार कराराच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. म्हणजे आज सिंकमध्ये धुतला जाणारा मासा गेल्या वर्षीच्या सिंकच्या पाण्यावर वाढलेला असण्याचा संभव आहे! या व्यवस्थेला तेलकट थर आणि प्लॅस्टिक यांचा आहार मानवत नाही, एवढे ओळखून सिंकवर आपण पहारा ठेवावा.

घरातल्या नळीलाही ते मानवत नाही. खवले, काटे आणि भाताची शिते यांसाठी काढता येणारी खोलगट जाळी बसवावी. नुसती भोके असलेली चकती उपयोगाची नाही, कारण घाईतला मनुष्य बोटाने शिते खाली ढकलतो. मोहरीचे तेल आणि भाताची पेज ही दोन्ही थंड झाल्यावर नळीच्या आत चिकट थर धरतात. बंगालीत या पेजेला ‘फॅन’ म्हणतात. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली भुकेली माणसे कोलकात्याच्या दारोदारी भात नव्हे, फक्त फॅन मागत हिंडत होती. तेच फॅन आता सहज नळीत ओतले जाते. ते डाळीत घालावे, कपड्यांच्या खळीला वापरावे, निदान झाडाला घालावे.

सिंकखालच्या वळणदार नळीला ट्रॅप म्हणतात. तिच्यात दोन इंच पाणी सदैव उभे राहते, आणि तेच गटाराची दुर्गंधी व झुरळे अडविते. हा ट्रॅप हाताने फिरवून उघडता यावा आणि त्याखाली बादली मावेल एवढी जागा असावी. म्हणूनच सिंकखाली कपाट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पसाऱ्याच्या घरातील सिंकखालचे कपाट म्हणजे ओलसर अडगळ; तेथे गळती सुरू झाली तर ती दाराआड महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही. ती जागा उघडी ठेवावी आणि तेथे केराची झाकणाची बादली ठेवावी. कोलकात्याचे कावळे आणि मांजरे पाहता झाकण हवेच. ठनठनिया किंवा कॉलेज स्ट्रीटच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. तेथील गटारे पावसाचे आणि घरांचे पाणी एकत्रच वाहून नेतात. जोराच्या सरीत ती भरली की पाणी उलटे मोरीतून वर येते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवून घेतल्यास हा उपद्रव कमी होतो.

मोरीचा विषय निघालाच आहे, तर जागा असल्यास ती मोडू नये. स्वयंपाकघरालगतच्या बाल्कनीत दोन फूट लांबीची, कडेला वीटभर उंचीची मोरी आणि तिच्यावर एक नळ असला, तर मासळी, मोठी हंडी आणि सणावाराचा ढीग तेथे जातो आणि सिंक मोकळे राहते. आणि मावशींना बसून भांडी घासण्याची सवय असेल तर त्यांना बसण्यास जागाही मिळते.

भांडी जागच्या जागी ठेवणे हे ज्या घराला जमत नाही, त्या घरात ‘जागा’च निथळण्याच्या ठिकाणी न्यावी. आपले जुने ताटाळे सिंकच्या बरोबर वर भिंतीत ठोकावे. धुतलेले ताट त्यात उभे केले की पाणी सिंकमध्ये पडते, आणि पुसून कपाटात ठेवण्याचा एक टप्पाच गळून जातो. फिनलंडमध्ये माइयु गेभार्ड या गृहशास्त्रज्ञ स्त्रीने १९४४-४५ च्या सुमारास नेमका हाच विचार करून तळ नसलेले निथळते कपाट तयार केले, आणि ते तेथे घरोघरी रूढ झाले. याउलट उदाहरण जर्मनीचे. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे आदर्श स्वयंपाकघर आखले. प्रत्येक जिन्नसासाठी ठरलेला खण. सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले, आणि स्त्रियांची पावले वाचली यात शंका नाही. पण पीठ साखरेच्या खणात गेले की सारी रचना कोलमडते. आणि ते जाणार नाही असे घर मी तरी पाहिलेले नाही. यासाठी फळ्या एका भांड्याइतक्याच खोल आणि शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. मागे दडलेली वस्तू पसाऱ्याच्या घरात हरवल्यासारखीच असते. चहापुरते पाहिले तर कोलकात्याने हा प्रश्न मुळापासून सोडविला होता : मातीच्या भांडात चहा प्यावा आणि भांड फेकून द्यावे. दुर्दैवाने वरणभाताला ही युक्ती लागू पडत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठ्या कढईचा व्यास सुतळीने मोजून ती सुतळी बरोबर न्यावी, आणि कानांसह कढई सिंकमध्ये बसते की नाही हे तेथेच पाहावे. नळाची चोच त्या कढईच्या वर निदान वीतभर उंच हवी. सिंकच्या उंचीची खूण भिंतीवर करावयाच्या दिवशी घरात भांडी जो कोणी घाशीत असेल, मग ती गृहिणी असो, मावशी असोत की घरचे पुरुष, त्यांना तेथे उभे करावे, दोन्ही हात कोपरांत वाकवावयास सांगावे, आणि मगच गवंड्याच्या हाती पेन्सिल द्यावी.