आतड्यांचे आरोग्य आणि ज्वारीची भाकरी

‘पोट साफ होत नाही’ ही घरोघरची तक्रार. परंतु तिचा नेमका अर्थ क्वचितच तपासला जातो. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढ्या मर्यादेत शौचास होणे सामान्यतः प्रकृतीस धरूनच असते. लक्ष द्यावयाचे ते मलाचा कठीणपणा, कुंथावे लागणे, वारंवार पोट फुगणे आणि नित्याच्या क्रमात पडलेला टिकाऊ बदल यांकडे.

या तक्रारींचे एक मोठे कारण आहारातील तंतूंची उणीव हे होय. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. आपल्या पाचकरसांना ते पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू मात्र त्यांतील काही भाग आंबवितात व त्यातून निपजणारे ब्यूटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन ठरते. उरलेले तंतू पाणी धरून मल मऊ राखतात. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी, कडक उन्हाळ्यात, केवळ भाकरी पुरेशी नाही. तिच्या जोडीस भरपूर पाणी व पातळ ताक हवे.

भाकरी, अख्खी कडधान्ये व पालेभाज्या यांचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एकाएकी वाढविल्यास वायू होतो. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वभावतः वाढते; तेव्हा येणारा वेग रोखू नये. रोज चालावे.

मात्र मलातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठविणारे जुलाब ही लक्षणे घरगुती उपायांनी झाकू नयेत. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.