नखांचा सोरायसिस : ओळख आणि उपचार

इचलकरंजी येथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि तेव्हापासून या नगरीचा संसार मागावर चालत आला आहे. माग विजेवर चालला, तरी साध्या मागावरील तुटलेला धागा जोडण्याचे काम बोटांनाच करावे लागते. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत सूत धरून गाठ मारताना नखाचा केवढा आधार असतो, हे नख दुखू लागल्यावाचून ध्यानात येत नाही. म्हणूनच नखांचा सोरायसिस हा येथील कामगाराच्या दृष्टीने दिसण्याचा नव्हे, तर मजुरीचा प्रश्न ठरतो.

सोरायसिस हा जंतुसंसर्ग नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा अकारण चेतावल्यामुळे त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होऊ लागतात. सुमारे महिनाभराचे चक्र काही दिवसांतच उरकते. कोपर, गुडघे व डोक्याची त्वचा यांवर चंदेरी खवल्यांचे लाल चट्टे उमटतात; सावळ्या कांतीवर ते जांभळट किंवा करडे दिसतात. सोरायसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या नखांवर या विकाराच्या खुणा आढळतात. काही थोड्या रुग्णांत तर तो केवळ नखांपुरताच असतो, आणि निदान चुकते ते बहुधा अशांचेच.

नखाच्या मुळाशी विकार असला, तर नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात. नखाखालच्या गादीत असला, तर तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळट-तांबूस डाग दिसतो, नख टोकाकडून सुटू लागते, खाली भुसभुशीत थर साचतो व पुढे नख चुरते. मात्र खळगे चाई पडलेल्यांच्या नखांवरही असतात. जाड, पिवळे नख बुरशीनेही होते. सतत ओल्या हाताने काम करणाऱ्यांना, मग ते रंगकाम असो वा घरची धुणीभांडी, नखुरडे होऊन नख वेडेवाकडे वाढते. इसबात नखावर आडव्या वळ्या येतात. लायकेन प्लेनस या विकारात नख पातळ होऊन उभे चिरते व उपचारास विलंब झाल्यास कायमचे जाते.

यास्तव नखाचा तुकडा व त्याखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा पहिला मार्ग होय. ही तपासणी स्वस्त आहे. ती न करता महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या घेणे मात्र महाग पडते. बुरशी व सोरायसिस एकाच नखात नांदू शकतात, हेही विसरता कामा नये.

एकेकाळी सोरायसिसची गणना कुष्ठरोगात होत असे. फर्डिनांड फॉन हेब्रा या व्हिएन्नाच्या वैद्याने १८४१ च्या सुमारास हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, सोरायसिसचा नसतो. शाळेत एखाद्या मुलास वेगळे बसविण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे अवश्य लक्षात घ्यावे. कुष्ठरोगही उपचाराने पूर्ण बरा होतो, ही गोष्ट निराळी.

नखाकडे दुर्लक्ष का करू नये, याचे खरे कारण सांध्यांत आहे. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरील स्नायुबंधाचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पोचलेले असतात. त्यामुळे नखाचा सोरायसिस असणाऱ्यांना सोरायसिसचा संधिवात होण्याचा धोका अधिक. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटे आखडणे किंवा एखादे बोट सबंध सुजणे ही त्याची लक्षणे. सांध्याची एकदा झालेली झीज भरून येत नाही.

उपचाराचा आरंभ साधा आहे. नखे आखूड ठेवावीत, सुईने कोरू नयेत, ओल्या कामात सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालावेत. कारण इजा झाल्या जागी सोरायसिस उफाळतो. दोनचार नखे बिघडली असल्यास स्टेरॉइड व कॅल्सिपोट्रिऑल यांची मलमे किंवा नखाच्या मुळाशी ट्रायअम्सिनोलोनची सुई उपयोगी पडते. अधिक नखे अथवा सांधे ग्रासले असल्यास मेथोट्रेक्सेट देतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे, मद्यपान टाळावे लागते व रक्त वेळोवेळी तपासावे लागते. अलीकडची जैविक इंजेक्शने प्रभावी असली तरी खर्चिक आहेत व त्यांपूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, की सर्वांग सोलवटण्याइतका सोरायसिस उसळू शकतो. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना मलम आणण्याची सवयही याच जातीची.

त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मिळू शकतो. तेथे जाणाऱ्याने धीर मात्र धरावा. हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर वाढते, तेव्हा नवे नख पूर्ण येण्यास सहा महिने लागतात. पायाच्या नखास वर्ष-दीड वर्ष. पहिल्या भेटीच्या दिवशीच नखांचे छायाचित्र तारीख घालून जपून ठेवावे. तीन महिन्यांनी औषध लागू पडले की नाही, हे त्यावरून ताडता येते.