जबाबदारी आणि वाक्यातील कर्ता

‘जबाबदार’ हा मराठीत पूर्णपणे रुळलेला शब्द फारसीतून आला. ‘जबाब’ म्हणजे उत्तर आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा. तेव्हा ज्याच्यापाशी उत्तर मागता येते तो जबाबदार. ‘उत्तरदायित्व’ ह्या संस्कृत घडणीच्या शब्दाचा अर्थही हाच. दोन्ही शब्दांनी बोलू शकणारी व्यक्ती गृहीत धरली आहे. जेथे मोठे व्यवहार कंपन्या व महामंडळे चालवितात, तेथे ही व्यक्ती कोठे शोधावयाची, हा आजचा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाच्या उलगड्यास वाक्यरचनेचे साह्य होते. ‘अभियंत्याने पाणी सोडले’ ह्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालत असले, तरी कर्ता तृतीयेत का होईना, उभा आहे. ‘पाणी सोडण्यात आले’ ह्या रचनेत मात्र कर्त्यावाचून वाक्य पुरे होते. कचेरीच्या नित्य कामकाजात करणाऱ्याचे नाव बहुधा अप्रस्तुत असते, म्हणून ही रचना सदैव सदोष म्हणता येणार नाही. परंतु ज्या कृतीने कोणाचे नुकसान होते, तेथे ती आडोसा बनते. ‘कंपनीने निर्णय घेतला’ ह्या वाक्याची गोष्ट निराळी. येथे व्याकरणाला कर्ता मिळतो; पण निर्णय कोणी सुचविला, कोणी सही केली, हे श्रोत्याला कळत नाही.

कंपनीला स्वतंत्र व्यक्तित्व कायद्यानेच दिले आहे. तिच्या नावापुढील ‘मर्यादित’ हा शब्द भागधारकाच्या आर्थिक दायित्वाची सीमा सांगतो: कंपनी बुडाली तर त्याचे भागभांडवल जाईल, घरदार जाणार नाही. ही मर्यादा पैशाची आहे, कर्तव्याची नव्हे. म्हणूनच २०१३ च्या कंपनी अधिनियमात कसूर झाल्यास कोणत्या अधिकाऱ्यास दोषी धरावे, हेही सांगितले आहे. त्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. परंतु अशा खर्चाने नित्य व्यवहाराचा जबाब दिला असे होत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा राहिला. पैठणजवळील जायकवाडी धरणाचे पाणी छत्रपती संभाजीनगरची घरे वापरतात आणि तेथील औद्योगिक वसाहतींतील कारखानेही. त्यांत मद्यनिर्मितीचे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात, शहराचे नाव औरंगाबाद असताना, धरणातील उपयुक्त साठा संपला. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांचे पाणी प्रथम ५० व पुढे ६० टक्क्यांनी, तर इतर उद्योगांचे त्याहून कमी प्रमाणात घटविण्याचा आदेश दिला. ‘उद्योगांना पाणी देण्यात येते’ ह्या वाक्याला कर्ता विचारण्यासाठी लोकांना न्यायालयापर्यंत जावे लागले. येथे केवळ कारखानदारांस दोष देऊन भागत नाही. पाणीवाटप शासनाने मंजूर केलेले असते, त्याच कारखान्यांवर शहरातील अनेक कुटुंबे पोसली जातात, आणि त्यांचा माल विकत घेणारे ग्राहक सर्वत्र आहेत.

तात्पर्य, संस्थेच्या कृतीत अनेक कर्ते असतात व प्रत्येकाचा वाटा कमीअधिक असतो. परंतु वाटा लहान असणे म्हणजे वाटा नसणे नव्हे. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने, संचालकाने, भागधारकाने आणि ग्राहकानेही आपापल्या वाट्याचे वाक्य प्रथमपुरुषी एकवचनात म्हणून पाहावे. कंपनीच्या वतीने बोलणारा ‘आम्ही’ म्हणतो. ‘मी’ म्हणणे केवळ माणसालाच शक्य आहे, आणि जबाब त्याच्यापाशीच मागता येतो.